कंसातलं पी.पी.

पी.पी. म्हणजे काय, हे आताच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. आमच्या वेळी लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, कुठेही फोन नंबर लिहिला की पुढे कंसात ही दोन अक्षरं टाकायची पद्धत होती. अर्थ एवढाच, की हा नंबर आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. तुम्ही फोन करा, ते आम्हाला हाक मारतील, तोवर जरा दम धरा. अक्षरं नक्की कशाची, हे मात्र कोणालाच धड ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे पर्टिक्युलर पर्सन, कोणी आणखी काही. आमचे बाबा म्हणायचे, "पी.पी. म्हणजे पाटलांकडे पुकारा." आमच्यापुरता तो अर्थ तंतोतंत खरा होता, कारण आमचा फोन पाटलीणकाकूंकडे होता आणि त्यांच्या पुकाऱ्याने अख्खी चाळ जागी व्हायची.

डोंबिवली पूर्वेला, कारखान्यांची वस्ती सुरू व्हायच्या जरा अलीकडे आमची ती चाळ होती. तिथे पूर्वी काकूंची भातशेती होती. शेतं कारखान्यांखाली गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी आठ बिऱ्हाडांची बैठी चाळ बांधली, अंगणापलीकडे स्वतःसाठी कैरीच्या रंगाचं एकमजली घर. काकू आगरी, कष्टाने तासलेल्या, पाठीचा कणा सरळ. मालकीण असूनही अनवाणीच फिरायच्या आणि पहाटे स्वतः अंगण झाडायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर काळा फोन असे, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि तबकडीला इवलंसं कुलूप, ज्याची किल्ली काकूंच्या कमरेला. आम्ही तिथून फोन करत नसू, पण आलेला फोन घ्यायला कुलूप आड येत नसे. घंटा वाजली की काकू उचलायच्या, समोरच्याचं नाव पुरतं ऐकायच्याही आधी रिसीव्हर स्टुलावर आडवा टाकायच्या, अंगण ओलांडून आमच्या दारापर्यंत यायच्या आणि ओरडायच्या, "गो पोरी, फोन आयलाय तुजा! धाव!"

आमचं घर दोन खोल्यांचं. बाबा रंगाच्या कारखान्यात होते, त्यामुळे त्यांच्या नखांवरून त्या आठवड्यात कुठला रंग निघतोय ते कळे. सकाळचा भोंगा झाला की आई स्टोव्हला पंप मारायला बसे, आणि त्या आवाजातच तिचा आणि बाबांचा काय तो संवाद व्हायचा. आमच्याकडे अंडंसुद्धा घरात येत नसे. पण काकूंकडून महिन्यातून दोन-चारदा तांदळाच्या भाकऱ्या यायच्या, केळीच्या पानात गुंडाळलेल्या, कागदासारख्या पातळ आणि दुधासारख्या पांढऱ्या. आई हसून घ्यायची, वर "कशाला हो त्रास घेतलात" म्हणायची, आणि काकू वळल्या की तवा कुठला वापरला असेल याचा हिशेब मनात करत त्या भाकऱ्या गाईला घालायची. मी एकदा मोरीत लपून त्यातली एक खाल्ली. तशी भाकरी मला नंतर कुठेच मिळाली नाही.

आणखी एक सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. काकू दिवसभर सुकट निवडत किंवा बोंबील साफ करत बसलेल्या असायच्या, आणि त्याच हाताने फोन उचलायच्या. रिसीव्हरला तो वास लागलेला असे. मी धावत जायची, आणि बोलण्याआधी ओढणीच्या टोकाने रिसीव्हर पुसायची. काकूंच्या समोर. काकू तिथेच खाली पाटावर बसलेल्या असत, सुपातलं निवडत, आणि मान वर करत नसत. त्यांना दिसत नसेल असं मी तेव्हा धरून चालले होते. आपल्या सोयीचं असलं की माणूस काय वाटेल ते धरून चालतो.

बी.एस्सी. झाल्यावर मी ठाण्याला, नौपाड्यात एका मिठाईच्या दुकानाच्या माळ्यावर भरणाऱ्या कंप्युटर क्लासला जाऊ लागले. खालून तुपाचा वास, वर सहा मशिनं आणि अठरा मुलं. प्रवेशाचा फॉर्म भरताना माझ्यापुढच्या कल्याणच्या मुलाने नंबरापुढे पी.पी. लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं, "पी.पी. म्हणजे शेजाऱ्यांचा ना?" आणि मागे उभी असलेली मीनल फिस्सकन हसली. मीनलच्या नौपाड्यातल्या बंगल्यात दोन फोन होते, एक वर आणि एक खाली. माझी पाळी आली तेव्हा मी काकूंचा नंबर लिहिला, कंस उघडला, आणि तो कंस गिरवून त्याचा एक बारीकसा ठिपका करून टाकला. पी.पी. लिहिलंच नाही. खोटं काहीच लिहिलं नव्हतं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते.

महिन्याभराने वीज जाणार म्हणून क्लास रद्द झाला आणि आम्हाला शिकवणाऱ्या कर्णिक सरांनी सगळ्यांना फोन केले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात ते म्हणाले, "आगाशे, तुमच्याकडे फोनवर कोण होत्या हो? 'गो पोरी' म्हणून अशा ओरडल्या, की माझ्या कानाचा पडदा जायचा!" सगळे हसले. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही हसले. 'आमच्या शेजारच्या काकू, पी.पी. आहे' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मीनल माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ती ना? आमची कामवाली."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितेय. लाज नंतर आली. आधी सुटल्यासारखं वाटलं.

त्याच सुमाराला सरांनी पॉइंटर शिकवायला घेतले. ज्यांचा त्या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण ते वाटतं तेवढं अवघड नाही. कंप्युटरच्या मेमरीत चाळीसारख्या ओळीने खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीला नंबर असतो. समजा एका खोलीत बहात्तर हा आकडा ठेवलाय. त्या खोलीचा नंबर दुसऱ्या एका खोलीत लिहून ठेवला, तर ती दुसरी खोली म्हणजे पॉइंटर. आणि त्या दुसऱ्या खोलीचा नंबर तिसऱ्या खोलीत लिहून ठेवला, तर तिसरी झाली पॉइंटर टू पॉइंटर. तिसरीपासून निघालात तर बहात्तरपर्यंत पोचायला दोनदा चालावं लागतं, आणि प्रत्येक चालण्यासाठी नावाआधी एक चांदणी, म्हणजे ताऱ्याचं चिन्ह, काढायची. दोन चालणी, दोन चांदण्या. बस्स.

आज मी हे चार ओळींत सांगतेय, पण तेव्हा मला ते तीन आठवडे कळलं नाही. त्याचं कारण सांगितलं तर हसाल. सरांनी फळ्यावर तिसरी खोली काढली आणि तिला नाव दिलं: पीपी. प्रोग्रॅम लिहिणारे जगभर तेच नाव देतात, पॉइंटर टू पॉइंटरचं लघुरूप. पण मला वाटलं, सरांना कळलंय. माझे कान तापले, आणि पुढचा तासभर सर काय बोलले त्यातलं अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. नंतर तो शब्द आला की माझं तेच व्हायचं. वर्गातली हुशार मुलगी म्हणून माझा लौकिक होता, त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती. मी मान डोलवायची. प्रॅक्टिकलला मी एकच चांदणी काढायची, आणि पडद्यावर बहात्तरऐवजी कुठला तरी पाच आकडी नंबर यायचा. सर पाठीमागून म्हणायचे, "हा पत्ता आला, आगाशे. माणूस नाही आला. तुम्ही अर्ध्या वाटेत थांबलात." मी "हो सर" म्हणायची आणि दुसऱ्याची वही बघून दुसरी चांदणी घालायची.

इकडे बाबांचा कारखाना बंद होणार अशी बोलणी सुरू झाली होती. भोंगा कधी होई, कधी होत नसे, आणि बाबांची नखं हळूहळू माणसांच्या नखांसारखी व्हायला लागली होती. आईने ते पाहिलं होतं. अशात सरांनी सांगितलं, की ठाण्यातच माजिवड्याला एक नवीन सॉफ्टवेअर ऑफिस निघालंय आणि त्यांनी आमच्या क्लासमधून एकच नाव मागितलंय. "मी तुमचं देणार आहे. रविवारी सकाळी फोन करून वेळ कळवतो." घरी सांगितल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली आणि बाबा अंगणात जाऊन उभे राहिले.

त्या रविवारी मला घरात बसवेना. मी सकाळीच काकूंकडे गेले आणि फोनजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. काकू नेहमीसारख्या खाली पाटावर, सुपात सुकट. "नोकरीचा फोन येनार का गो? बस, बस," म्हणाल्या, आणि मला चहा आणून दिला. मी कप दोन्ही हातांत धरून बसले होते. घंटा वाजली तशी मी उठणार, तर काकूंचा हात सवयीने आधी पोचला. काकू रिसीव्हर कधी कानाला चिकटवायच्या नाहीत, वीतभर लांब धरायच्या. त्यामुळे पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. सरांचा आवाज स्वच्छ आला.

"हॅलो, कोण? कामवाल्या बाई का? बाई, जरा तुमच्या ताईंना बोलवता? सुधाताईंना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्या रागावल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं, असं मला आजही वाटतं. त्या रागावल्या नाहीत. काही तरी जुळवत असल्यासारख्या बघत राहिल्या, आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या ओढणीच्या टोकाकडे. मग फोनमध्ये हळू आवाजात म्हणाल्या, "हो. बोलवते. थांबा."

आणि त्यांनी रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवला, हात पदराला पुसले, आणि त्या खोलीबाहेर गेल्या. मी तिथेच बसलेली असताना. खिडकीतून मला दिसत होतं: त्यांनी अंगण ओलांडलं, आमच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. तिथे हाक मारण्यासारखं कोणी नव्हतंच. क्षणभर उभ्या राहिल्या, वळल्या, आणि त्याच चालीने परत आल्या. तेवढा वेळ रिसीव्हर माझ्या गुडघ्याजवळ पडला होता आणि त्यातून सर मधूनमधून "हॅलो?" म्हणत होते. मला उचलायचा धीर झाला नाही. काकू दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमचा फोन आलाय."

आयलाय नाही, आलाय. गो नाही, पोरी नाही. तुमचा.

मी रिसीव्हर उचलला. पुसला नाही. सर म्हणाले, "उद्या दहाला माजिवड्याला पोचा. पॉइंटर टू पॉइंटर नक्की विचारतील, तयारी करून जा." आणि हसून पुढे म्हणाले, "बाईंना चांगलं शिकवलंत हो, आज ओरडल्या नाहीत." रिसीव्हर मी कानाला घट्ट दाबला होता, तरी मला खात्री आहे की ते खाली पाटापर्यंत ऐकू गेलं. काकूंनी सूप पुढ्यात ओढलं होतं.

त्या दुपारी वही उघडली आणि जे तीन आठवडे कळलं नव्हतं ते आपोआप कळलं. सरांच्या हातात माझा नंबर नव्हताच. त्यांच्या हातात काकूंचा नंबर होता, आणि मी कुठे सापडेन ते काकूंना ठाऊक होतं. पहिल्या चांदणीने काकू भेटतात. दुसरी चांदणी म्हणजे काकूंचं अंगण ओलांडून आमच्या दाराशी येणं. ते चालणं मी फॉर्मवरून पुसून टाकलं होतं आणि काकूंनाच शेवटची खोली करून ठेवलं होतं, आमच्या घरातली. मग माझा पत्ता सांगणाऱ्या काकूंच्या जागी सरांना कामवाली मिळाली तर नवल काय. मी एकदम चार उदाहरणं सोडवली, चारही बरोबर आली. विषय समजल्याचा जो आनंद असतो तो मला त्या दिवशी झाला, आणि त्याची आठवण आली की मी अजून मान खाली घालते.

याहून वाईट दुसऱ्या दिवशी घडलं. माजिवड्याच्या ऑफिसात टक्कल पडलेल्या एका साहेबांनी विचारलं, की पॉइंटर टू पॉइंटर समजावून सांगा, पण पुस्तकातलं नको. मी त्यांना पी.पी. नंबराची गोष्ट सांगितली. माझ्या काकू, त्यांचा ओरडा, अंगण, सगळं रंगवून. साहेब टेबलावर थाप मारून हसले. "वा! हे मी आता सगळ्यांना सांगणार!" नोकरी तिथेच मिळाली. ती गोष्ट मी पुढे तीस वर्षं नव्या मुलांना शिकवताना सांगत आले आणि प्रत्येक वेळी हशा घेतला. तिचा उरलेला अर्धा भाग आज पहिल्यांदा लिहितेय. साहेबांनी मात्र माझा अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हा नंबर पी.पी. आहे? मग कंसात लिहा की. आणि ज्यांचा फोन आहे त्यांचं नाव लिहून उद्या आणा."

नाव. एवढी वर्षं त्यांच्या चाळीत राहून, त्यांच्या फोनवर बोलून, मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. आईला विचारलं, तिलाही नव्हतं. पाटलीणकाकू म्हटलं की काम भागत होतं. संध्याकाळी फॉर्म घेऊन मी गेले. काकू ओसरीवर वाती वळत होत्या.

"काकू, नोकरी लागली."

"बरं झालं. बाबांना बरं वाटंल."

"काकू, तुमचं नाव हवंय. फॉर्मवर लिहायचंय."

त्यांनी वात मांडीवर वळून ताटलीत ठेवली. दुसरी घेतली. वर न बघता म्हणाल्या, "लिवा ना ताई. कामवाली."

माफी मागायला आलेय असं मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं, पण ते अंगण इतकं लहान आहे की घोकणं पुरं होत नाही. रडू मात्र आलं, आणि तेही मला तेव्हा ढोंगासारखं वाटलं. काकूंनी मला पुरेसं रडू दिलं. मग म्हणाल्या, "चांगुणा. चांगुणा पाटील. लिवा." आणि मी लिहायला लागले तेव्हा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "फोन हाय तवर बोलवीन. त्याची काळजी नको."

त्यांनी शब्द पाळला. पुढची चार-पाच वर्षं माजिवड्याहून फोन यायचे, आत्याचे यायचे, लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिकडचे यायचे. प्रत्येक वेळी काकू अंगण ओलांडून यायच्या, दाराशी उभ्या राहायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, "ताई, तुमचा फोन आलाय." चाळीतल्या बाकी सगळ्या मुलींना त्या 'गो पोरी' म्हणूनच ओरडायच्या. आईला वाटायचं, मला नोकरी लागली म्हणून काकू मान देतात. ती कौतुकाने चार बिऱ्हाडांत सांगायची, आणि मी तिला कधी खरं सांगितलं नाही.

मग आमच्या घरी फोन आला. लाइनमन तार ओढून गेला, आईने फोनला कुंकू लावलं, आणि पहिला फोन कोणाला करायचा यावर बाबा आणि ती वाद घालायला लागले. मी म्हटलं, मी करते. मी मनाशी ठरवलं होतं. समोर उभं राहून जे जमलं नव्हतं ते तारेवरून जमेल, चेहरा दिसणार नाही, एका वाक्यात माफी मागून टाकीन. मी काकूंचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली ती मला रिसीव्हरमधूनही ऐकू आली आणि अंगणातूनही.

"हॅलो?"

"काकू, मी... सुधा..."

"सुधाताई? थांबा, बोलवते."

आणि रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवल्याचा आवाज आला. मी "काकू, काकू" म्हणत राहिले. पावलं आधी रिसीव्हरमध्ये लांब गेली आणि मग दारातून जवळ आली. काकू आमच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांचं वय झालं होतं, थोडी धाप लागली होती. "ताई, तुमचा फोन..." म्हणाल्या, आणि माझ्या हातातला रिसीव्हर त्यांना दिसला. तो कुंकू लावलेला नवा फोनही दिसला. सवयीने आल्या होत्या की जाणूनबुजून, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

"आयला काय तुमचा फोन?" त्या म्हणाल्या. "बरा झाला. सुटलं माजं काम."

आईने हातावर साखर ठेवली ती त्यांनी तोंडात टाकली आणि वळून अंगण ओलांडून गेल्या. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला होता. लाइन चालू होती. त्यांच्या रिकाम्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग पावलं आली, जवळ आली. मी "काकू" म्हटलं, आणि त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.